न छापलेली त्रेसष्ट पुस्तकं

पुढं जे सांगायचं आहे ते कुणाला पटणार नाही, आणि ज्याला ऐकताक्षणी पटेल त्यानं बाजारहाट करताना जरा सांभाळून राहावं. दुसरीतल्या एका मुलीनं एका सत्रात त्रेसष्ट पुस्तकं वाचून संपवली, आणि त्यातलं एकही पुस्तक जगाच्या पाठीवर कुणी कधी छापलेलं नव्हतं. तरी बातमी छापून आली. शाळेच्या बातमीपत्रात, पिवळ्या कागदावर, पान तीन, वरून दुसरी चौकट, 'घरचं वाचन' या सदराखाली. आणि छापून आलेली गोष्ट खोटी असू शकते हे मानायला आप्पांच्या घरात कुणी तयार नसे, कारण या घराच्या तीन पिढ्या छापखान्यात गेल्या होत्या.

आप्पा स्वतः जुळारी, त्यांचे वडील जुळारी, आणि आजोबा तर म्हणे इतके पट्टीचे जुळारी की शिंक आली तरी चार ओळी जुळूनच बाहेर पडत. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, बोटांनी उचलायचा आणि ओळ लावत न्यायची, हा धंदा. लावणाऱ्याला ती ओळ डोक्यावर उभी दिसते, त्यामुळे उलटं वाचायची सवय अंगात मुरलेली. आप्पा सांगत, की बायकोचं पहिलं पत्र आलं तेव्हा आपण ते खाली डोकं वर पाय करून वाचलं, आणि त्यामुळे तिचा नकार आपल्याला होकार वाटला. छापखाना बंद झाला त्या दिवशी गडबडीत एक खिळा गिळला, तेव्हापासून पोटात गोष्टी जुळत राहतात, हेही त्यांचंच. गल्लीत त्यांना थापाडे आप्पा म्हणत. त्यांना राग येत नसे. निदान म्हणायला तरी कुणी आहे, असं ते बायको गेल्यापासून मानू लागले होते.

ती जाऊन तीन वर्षं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आप्पा एकटे. थोरला मुलगा, त्याची बायको आणि मुंगी दोन थांबे पलीकडे राहत. मुंगी म्हणजे नात. हाती लागेल ते उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची तिची लहानपणापासूनची खोड, म्हणून मुंगी. थोरला लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात लटकलेला. सून रुग्णालयात नर्स, तिच्या पाळ्या कॅलेंडरलाही पाठ होत नसत. म्हणून शाळा सुटली की मुंगी साडेचारला आप्पांकडे यायची आणि सातला कुणीतरी तिला घेऊन जायचं. आप्पांच्या दिवसाचे चोवीस तास असत खरे, पण त्यातले साडेएकवीस नुसते बाकीच्या अडीच तासांची वाट बघण्यात जात. जिन्यावर दोन पायऱ्या आणि एक उडी, दोन पायऱ्या आणि एक उडी असा आवाज आला की ते रेडिओ बंद करत, आणि आपण काही वाट बघत नव्हतो असा चेहरा करून बसत.

शाळेचा नियम असा होता, की प्रत्येक मुलानं घरी रोज वीस मिनिटं मोठ्या माणसाबरोबर वाचायचं, कार्डावर पुस्तकाचं नाव लिहायचं आणि त्या मोठ्या माणसानं पुढच्या चौकोनात सही करायची. घरात रिकामं मोठं माणूस एकच होतं. पाचच्या ठोक्याला खिडकीजवळच्या टेबलाशी वाचन सुरू व्हायचं. टेबलाच्या एका बाजूला आप्पांची खुर्ची, तिला चिकटून बायकोची. मुंगी समोरच्या स्टुलावर. बायकोच्या खुर्चीचा एक पाय कच्चा आहे, बसलं की मोडेल, असं आप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. थोरल्यानं दोनदा हत्यारांची पेटी आणली, दोन्ही वेळा आप्पांनी ती उघडू दिली नाही. खुर्ची ठणठणीत होती. तिच्यावर कुणी बसलेलं त्यांना बघवलं नसतं, एवढंच.

पहिलीचं वर्ष झकास गेलं. शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं यायची, आप्पा पुस्तक स्वतःसमोर ठेवून एकेका शब्दाखालून बोट फिरवत मोठ्यानं वाचायचे आणि समोरून मुंगी, हनुवटी टेबलावर टेकवून, त्या बोटाच्या मागं मागं डोळे फिरवायची.

मग दुसरीच्या सुरुवातीला पानाच्या मधोमध एक डाग आला.

चष्मा पुसून गेला नाही. डोळे धुऊन गेला नाही. आप्पा कुणालाही न सांगता डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होते, हळू बोलले. नजरेचा मधला भाग गेलाय, तो परत यायचा नाही, कडा राहतील. म्हणजे दारावरून जाणारा माणूस दिसेल, त्याचं तोंड दिसणार नाही. कपाची कड दिसेल, कपात काय आहे ते नाही. बरोबर कुणी आलंय का, असं डॉक्टरांनी विचारलं. आप्पांनी बायको बाहेर बसलीय असं सांगितलं, आणि घरापर्यंतची पावलं मोजत परत आले. पाचशे चाळीस भरली. तेव्हापासून ती पावलंही पाठ झाली.

सांगायची सोय नव्हती. बायकोचं सगळं आटोपल्यावर धाकट्या मुलीनं सर्वांदेखत त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की आजारानं जरा जरी डोकं वर काढलं तर या खोल्या बंद करायच्या आणि आप्पांनी तिच्याकडे जायचं. ती पाच तासांच्या प्रवासावर, दुसऱ्या शहरात, चष्म्याच्या दुकानात नोकरीला. मनानं वाईट नव्हती. पण तिच्या शहरात साडेचार वाजता जिन्यावरून कुणी उड्या मारत येणार नव्हतं. आणि दिवसभर लोकांच्या डोळ्यांशी व्यवहार करणारी बाई. आप्पांनी तिच्यासमोर येणंच टाळलं. तिचं आणि थोरल्याचं आईच्या शिलाई मशीनवरून बिनसलं होतं, दोन वर्षं बोलणं नव्हतं. बाप म्हणून आप्पांना याचं दुःख होतं, आणि चोर म्हणून बरंच बरं वाटत होतं.

राहता राहिलं वाचन. पुस्तकं येतच होती. पहिल्या दिवशी आप्पांनी पुस्तक उघडलं, डागाच्या कडेनं एक शेपूट दिसलं, आणि ते वाचू लागले. म्हणजे सांगू लागले. बोट सवयीनं ओळीखालून चालत राहिलं आणि तोंड आपलं वेगळ्याच रस्त्यानं निघालं. त्या दिवशी मुंगीनं गोष्ट संपल्यावर आप्पांकडे जरा जास्त वेळ पाहिलं असं त्यांना वाटलं. पण चेहरे दिसत नसल्यानं खात्री देता येईना. पुस्तकाचं नाव काय लिहू, असं तिनं विचारलं. आप्पा म्हणाले, 'ज्याची सावली परटाकडे राहिली तो माणूस'. तिनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी 'मीठ विकणारी राणी'. मग 'सात शिट्ट्यांचा इंजिनवाला', 'खारीचा वकील', 'कुलपाचा नवरा'. कधी आप्पा रंगात येऊन एकाच पानावर फार वेळ रेंगाळले तर मुंगी समोरून हळूच म्हणायची, "आप्पा, पान उलटा." पोरीला पानांचा हिशेब चांगला आहे, असं त्यांना वाटायचं. मग ते उलटायचे. एरवी ती गप्प बसून ऐकायची, आणि नंतरनंतर साडेपाचला कार्ड पुढं सरकवून चौकोन कुठं आहे ते दाखवायला त्यांचा अंगठा धरून तिथं ठेवायची. सात वर्षांची मुलगी म्हाताऱ्याचा अंगठा का धरते याचा विचार आप्पांनी केला नाही. ते आधार मिळाल्याच्या आनंदात होते.

असे सहा महिने गेले. मग एका मंगळवारी मुंगीनं दप्तरातून एक बंद लिफाफा काढून त्यांच्या हातात दिला. बाईंनी फक्त तुम्हाला द्यायला सांगितलंय, घरी दुसऱ्या कुणाला नाही, असं म्हणाली.

आप्पांनी ती गेल्यावर लिफाफा फोडला. आत एक कागद. वर शाळेचं चिन्ह उठावाचं छापलेलं, ते अंगठ्याला लागलं. छपाई चांगली आहे एवढं त्यांना बोटांनी सांगितलं, बाकी काही सांगितलं नाही. त्यांनी तो कागद खिडकीशी धरला, दिव्याखाली धरला, तिरका धरला. वाचून घ्यायला जिन्याखालचा किल्ल्या बनवणारा होता, पण त्याला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत गल्लीच्या सगळ्या कुलपांना कळायचं. त्यांनी कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. बुधवारी तो खिशात होता. गुरुवारी होता. शुक्रवारी सदरा धुवायला पडला तेव्हा दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात गेला. चार दिवस एक पत्र छातीशी घेऊन माणूस हिंडला आणि त्यात काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. तारुण्यात असं होतं तेव्हा निदान गोड तरी वाटतं.

शनिवारी दुपारी सगळे जमले, ते या पत्रामुळं.

शुक्रवारी वर्गबाईंनी सुनेला फोन केला होता. पत्र पाठवून चार दिवस झाले, आजोबांचा काही निरोप नाही, सोमवारपर्यंत ठरवायला हवं. सून त्या वेळी वॉर्डात होती, एका हातात सलाईनची बाटली. अर्धं ऐकलं, अर्धं राहिलं. पण जे ऐकलं त्यानं तिची झोप उडाली, आणि तिनं थोरल्याला न विचारता धाकटीला फोन केला. नणंद-भावजयीची ही युती घराला नवी होती. शिलाई मशीनच्या वेळी याच दोघी एकमेकींच्या समोर उभ्या होत्या.

दारातून माणसं आत आली तशी आप्पांनी मोजली. थोरला, त्याच्या कमरेच्या किल्ल्या वाजत होत्या. सून, जंतुनाशकाचा वास. मुंगी, ती थेट स्टुलावर. आणि चौथी पावलं, टाचांची, थबकत येणारी.

"कसे आहात आप्पा?" धाकटी म्हणाली.

आप्पांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं, चेहरा असावा त्याच्या किंचित वर बघितलं, म्हणजे मग कडेनं थोडा दिसतो, आणि म्हणाले की तू बारीक झालीस. हे कुठल्याही मुलीला कधीही म्हटलेलं चालतं. धाकटी आईच्या खुर्चीपाशी गेली, पाठीवर हात ठेवला, आणि ओढणार तोच आप्पा म्हणाले, पाय कच्चा आहे तिचा. ती टेबलाला वळसा घालून मुंगीच्या मागं जाऊन उभी राहिली.

सुनेनं विषय काढला. ती रुग्णाच्या नातेवाइकांना सांगते तशी, आधी मान हलवून, बेताच्या आवाजात बोलली. मुंगी वर्गात वाचत नाही. एक ओळ नाही, एक शब्द नाही. बाईंनी पुस्तक दिलं की ती आधी ते उलटं फिरवते, खालची बाजू वर. मुलं हसतात. बाई सरळ करून देतात, ती पुन्हा फिरवते किंवा ओठ मिटून बसते. दोन महिने झाले, आता तर पुस्तक उघडतच नाही. कार्डावरची नावं आजोबाच लिहून देत असतील, असं बाई धरून चालल्यात. बाईंचं म्हणणं, तिला पुस्तक कसं धरायचं हेच अजून उमगलेलं नाही, म्हणून सोमवारपासून रोज साडेचार ते साडेसहा शाळेतच जादा वर्गाला बसवा. आणि वाचनाच्या कार्डावर सही आजोबांची, म्हणून होकार आजोबांचा हवा.

साडेचार ते साडेसहा. आप्पांनी मनातल्या मनात त्यातून स्वतःचे अडीच तास वजा केले. साडेसहाला शाळा सुटल्यावर कुणी इकडे कशाला येतंय, सरळ घरीच जाणार. दिवसाचे चोवीस तास उरले, पूर्णच्या पूर्ण.

थोरला आप्पांच्या बाजूनं होता. त्याचं म्हणणं सरळ होतं, पोरगी इथं सुखात आहे, आप्पांचा वेळ जातो, आपली सोय होते, दोन-चार महिन्यांत येईल वाचायला; मीही चौथीपर्यंत अडखळत होतो, तरी माझ्यामुळं लोक सातव्या मजल्यावर पोचतातच ना. धाकटी म्हणाली, पोचतात, पण मधे अडकलेले किती ते सांग. दोन वर्षांनी भावाशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. थोरल्याला हसू आलं आणि ते त्यानं दाबलं. मग त्यानं बाजी मारल्यासारखी खिशातून पिवळी घडी काढली आणि टेबलावर आपटली. हे बघा, कालचंच बातमीपत्र. पान तीन. दुसरीच्या वर्गात घरी सर्वांत जास्त पुस्तकं वाचणारी विद्यार्थिनी कोण? आमची मुंगी. त्रेसष्ट. खाली यादीही आहे. शाळेनं स्वतः छापलंय. आता एका हातानं शाबासकी आणि दुसऱ्या हातानं जादा वर्ग, हे कुठलं गणित?

छापलंय म्हटल्यावर सून डळमळली. तिनं कागद हातात घेतला, त्रेसष्ट हा आकडा दोनदा वाचला, आणि तिच्या आवाजात आईपण उतरलं. बाईंचा काही गैरसमज तर नसेल, असं म्हणाली. चार-दोन मिनिटांत युती फुटली होती. नवरा-बायको एका बाजूला, धाकटी एकटी. मुंगी या सगळ्यात खाली मान घालून टेबलाच्या कडेवरचा एक टवका नखानं काढत होती.

"बघू यादी," धाकटी म्हणाली.

ती मोठ्यानं वाचत गेली. सावली परटाकडे राहिलेला माणूस. मीठ विकणारी राणी. इंजिनवाला. तिचा वेग कमी होत गेला. 'कुलपाचा नवरा' आलं तेव्हा ती थांबली.

कुलपाचा नवरा तिला माहीत होता. ती सहा वर्षांची, गोवर आलेला, अंगाला खाज, आणि कामावरून आलेले आप्पा शाईच्या वासासकट उशाशी बसून सांगत होते, की एका कुलपाचं लग्न ठरलं, पण किल्ली काही केल्या मांडवात येईना. पुढं वसतिगृहात राहायला गेल्यावर पहिल्या महिन्यात रडू आलं की ती तीच गोष्ट स्वतःला सांगायची. हे असलं पुस्तक नव्हतं. कधीच नव्हतं. ही गोष्ट फक्त या घरात होती आणि तिला वाटत होतं फक्त तिच्यापाशी होती.

तिनं यादी खाली ठेवली आणि मुंगीचं कार्ड ओढून घेतलं. सह्या बघितल्या. पहिल्या महिन्यातल्या चौकोनाच्या आत, ताठ. मग एक खांदा बाहेर आलेल्या. मग चौकोनावरून चढून शेजारच्या तारखेवर बसलेल्या. शेवटच्या काही पुन्हा आत होत्या, पण त्यांच्या खाली शाईच्या बोटाचा लहानसा ठसा होता, आणि तो काही म्हाताऱ्या माणसाचा नव्हता. दुकानात रोज येणाऱ्या वृद्धांच्या सह्या ती पावतीवर बघत असे. तिला जे कळायचं ते कळलं. पण भावजयीच्या देखत, पोरीच्या देखत ते बोलायचं कसं. कबूल करून घेतलेलं वचन आठवलं, आणि ते आपण कुठल्या आवाजात घेतलं होतं तेही.

"आप्पा," ती म्हणाली, आणि आवाज तिनं ठरवलेल्यापेक्षा मऊ निघाला, "बाईंचं पत्र तुमच्याकडे आहे ना. तेवढं वाचून दाखवता? मग काय ते ठरवू."

थोरल्यालाही ते पटलं. वाचा आप्पा, मिटवून टाकू एकदाचं. सून पुढं सरकली.

आप्पांचा हात खिशावर गेला. पत्र हरवलं असं सांगता आलं असतं, पण खिसा करकरला आणि ते सगळ्यांनी ऐकलं. चष्मा सापडत नाही असं सांगता आलं असतं, पण चष्मा नाकावर होता. पन्नास वर्षांत ज्या माणसाला थाप सुचली नाही असा क्षण आला नव्हता, तो त्या दुपारी साधारण दोन श्वास अडकला. मग पोटातला खिळा हलला.

त्यांनी पत्र काढलं, घडी उलगडली, अंगठ्यानं उठावाचं चिन्ह चाचपून ते वर केलं, आणि कागद टेबलावर स्वतःसमोर सरळ पसरला. घसा साफ केला. बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं.

"आदरणीय आजोबांस सविनय नमस्कार," ते म्हणाले. बोट चालू लागलं. पत्रास कारण की, आपली नात ही आमच्या वर्गाचं भूषण असून तिच्यासारखी वाचणारी मुलगी शाळेच्या इतिहासात झाली नाही. मागच्या महिन्यात तपासणीस साहेब आले असता तिनं असं काही वाचन केलं की साहेबांनी टोपी काढली, आणि ती परत घालायला विसरून गेले, ती अजून कार्यालयात खुंटीवर आहे. सून हसली. थोरल्यानं मांडीवर थाप मारली. हसू आलं की आप्पांचं भान सुटायचं, आयुष्यभराची खोड. ते आणखी पुढं गेले. पुस्तक उलटं धरणं हा तिचा नम्रपणा आहे, सरळ धरून वाचलं तर इतर मुलांना वाईट वाटेल म्हणून. तेव्हा जादा वर्गाची तिला गरज नसून जादा वर्गालाच तिची गरज आहे, आणि तिचं पाच ते साडेपाचचं वाचन, जसं आहे तसं, आहे त्याच टेबलाशी, आजोबांपाशी, पुढंही चालू ठेवावं, ही...

इथं आप्पांचं बोट जरा थांबलं. "ही कळकळीची विनंती," ते म्हणाले.

बोट कागदाच्या खालच्या कडेला पोचलं होतं. थोरला आणि सून एकमेकांकडे बघत होते, आणि त्यांच्या हसण्यात आता एक शंका शिरली होती, की शाळेच्या बाई असं लिहितात का. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. आप्पा जिंकले असते. आणखी एक क्षण कुणी गप्प राहिलं असतं, तर सोमवारी साडेचार वाजता जिन्यावर दोन पायऱ्या आणि एक उडी वाजली असती, आणि हे प्रकरण इथंच थाप म्हणून संपलं असतं.

"आप्पा, तिथं असं नाही लिहिलेलं," मुंगी म्हणाली.

ती हनुवटी टेबलावर टेकवून बसली होती, रोजच्यासारखी.

सून तिला गप्प करायला निघाली. मोठ्यांचं चाललंय, तुला कुठं वाचता येतंय, असं काहीतरी. मुंगीनं तिकडे लक्ष दिलं नाही. ती फक्त आप्पांशी बोलत होती, त्यांना एकट्यालाच समजावून सांगावं तशी.

"गोष्ट बदलली तर चालतं. तुमची पुस्तकातल्यापेक्षा चांगली असते, म्हणून मी सांगितलं नाही. पण हे बाईंचं पत्र आहे."

आप्पांना डाग दिसत होता, आणि डागाच्या कडेला दोन वेण्यांची टोकं. सहा महिने हे पोर समोर बसून पुस्तकातली खरी गोष्टही वाचत होतं आणि यांची थापही ऐकत होतं, आणि दोन्हीतलं एकही कुणाला सांगत नव्हतं. पान उलटा, म्हणत होतं. अंगठा धरून चौकोनात ठेवत होतं. आपण एकटे आहोत असं त्यांना वाटत होतं त्या सगळ्या संध्याकाळी तीही तिकडच्या बाजूनं तितकीच एकटी बसलेली होती, आणि मधे फक्त एक टेबल होतं.

"मग काय लिहिलंय?" आप्पांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी परीक्षा घेतल्यासारखा विचारला नाही. ज्याला खरोखर ठाऊक नसतं आणि चार दिवस ठाऊक नव्हतं, त्या माणसासारखा विचारला. धाकटीनं खिडकीवरून मान फिरवली. थोरल्याचा हात किल्ल्यांवर गेला आणि तिथंच राहिला. खोलीतल्या प्रत्येकाला त्या तीन शब्दांत आप्पांचे डोळे कळले.

मुंगीनं हात लांब केला आणि आप्पांचं बोट धरून परत वर, दुसऱ्या ओळीखाली आणून ठेवलं. मग त्याच्या शेजारी आपलं बोट ठेवलं. धाकटी तिच्या मागं उभी होती. तिथून तिला पत्रातली सगळी अक्षरं डोक्यावर उभी दिसत होती, आणि पोरीची मान जराही तिरकी झालेली नव्हती. दोन्ही बोटं हळूहळू सरकू लागली, एकेका शब्दाखाली थांबत, पहिलीत शिकवलं होतं तशी.

"आपली नात," मुंगीनं वाचलं, "अजून... एकही ओळ... वाचू शकत नाही."